बाटली आणि पुडी

दरवर्षी २६ जून रोजी कोल्हापूर नगरीत दोन निमित्ते एकत्र येतात. पहिले निमित्त या नगरीच्या जिव्हाळ्याचे. राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म १८७४ साली याच दिवशी झाला. त्या दिवशी दसरा चौकातील त्यांच्या पुतळ्यास अभिवादन होते आणि साऱ्या राज्यात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. दुसरे निमित्त संयुक्त राष्ट्रसंघाने दिलेले. १९८७ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून अमली पदार्थांचे सेवन व त्यांचा अवैध व्यापार यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून हीच तारीख मुक्रर केली. शाळाशाळांतून त्या दिवशी शपथा घेतल्या जातात, प्रभातफेऱ्या निघतात, मुलांच्या हाती फलक दिले जातात. फलकांवर बहुधा सुई असते, पुडी असते, कवटी असते. घोषणा देऊन घरी परतलेल्या मुलांपैकी किती जणांनी गर्दची पुडी प्रत्यक्ष पाहिलेली असते? फारच थोड्यांनी. दारूची बाटली मात्र त्यांतील पुष्कळांनी पाहिलेली असते. काहींनी तर ती आपल्याच घरात पाहिलेली असते.

म्हणूनच एखादा धीट विद्यार्थी जेव्हा गुरुजींना विचारतो की, दारू अधिक वाईट की गर्द, तेव्हा तो प्रश्न खोडसाळ समजून बाजूला सारण्यासारखा नसतो. त्याची दोन ठरीव उत्तरे दिली जातात. दोन्ही सारखीच वाईट, हे एक. आणि दारूचे एक वेळ चालेल, पण त्या भयंकर पदार्थांच्या वाटेला जाऊ नये, हे दुसरे. पहिले उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. दुसरे उत्तर मनाला धीर देणारे आहे, पण त्याची किंमत लाखो कुटुंबे मोजीत आहेत. खरे उत्तर या दोहोंपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते नीट समजून घेण्याची जबाबदारी प्रौढांवर आहे.

अफूचे गणगोत

२६ जून या तारखेचा संबंध चीनमधील एका घटनेशी जोडला जातो. १८३९ च्या जूनमध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या सुमारे वीस हजार पेट्या अफू हुमेन येथे नष्ट केली आणि त्यातूनच पहिले अफूयुद्ध पेटले. ती अफू प्रामुख्याने हिंदुस्थानातून गेलेली होती, हे आपण सहसा आठवीत नाही. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची, तर माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जाणारी. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची कित्येक मोठी घराणी या व्यापारावर उभी राहिली. त्याच मुंबईत पुढे गिरण्यांत राबणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना कामाच्या वेळात झोप लागावी म्हणून अफूच्या बाळगोळ्या देत असत. अफू आपल्याकडे बाहेरून आलेली आपत्ती नव्हे; ती आपल्या व्यापारातून आणि आपल्या दारिद्र्यातून वाढलेली आहे.

या अफूचे गणगोत मोठे आहे. अफूतून मॉर्फिन हे वेदनाशामक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले गेले. मॉर्फिनपासून तयार केलेले हेरॉइन १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने चक्क खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले. कोडीन खोकल्याच्या औषधांत असते. ट्रामाडॉल वेदनाशामक गोळ्यांत असते. फेंटानिल शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात. आणि हेरॉइनचे अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर, ज्याला महाराष्ट्राने गर्द हे नाव दिले. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत या गर्दने हाहाकार माजविला. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि लिहून ते थांबले नाहीत. डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यास साहाय्य केले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गर्दच्या रुग्णांसाठी उघडलेल्या या केंद्राकडे पुढे दारूच्या रुग्णांचा ओघ लागला. पुडीसाठी उघडलेल्या दारातून बाटलीचे बळी आत आले.

कोणते विष कसे मारते

दोन विषांची तुलना करावयाची तर आधी कसोट्या ठरविल्या पाहिजेत. पहिली कसोटी तत्काळ मृत्यूची. या कसोटीवर अफूजन्य पदार्थ निःसंशय अधिक भयंकर ठरतात. ते मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावतात. मात्रा चुकली तर माणूस झोपेतच श्वास घेणे थांबवितो. अमेरिकन संशोधक रॉबर्ट गेबल यांच्या हिशेबानुसार हेरॉइनची नशा आणणारी मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत पाच-सहा पटींचेच अंतर आहे, दारूच्या बाबतीत ते सुमारे दहा पट आहे. त्यात रस्त्यावर मिळणाऱ्या पुडीत किती हेरॉइन आणि किती भेसळ आहे हे घेणाऱ्यालाच काय, विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बाटलीवर निदान प्रमाण छापलेले असते. हातभट्टीवर मात्र तेही नसते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली.

दुसरी कसोटी सवयीच्या पकडीची. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीनुसार हेरॉइन कधी ना कधी घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक त्याच्या आहारी गेले. दारूच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १५ टक्के, गांजाच्या बाबतीत ९ टक्के आणि तंबाखूच्या बाबतीत तब्बल ३२ टक्के निघाले. पानटपरीवर सुटी मिळणारी वस्तू या यादीच्या शिरोभागी आहे, हे तंबाखू मळीत मळीत या विषयावर चर्चा करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे.

तिसरी कसोटी सोडण्याच्या वेळची. येथे लोकसमज नेमका उलटा आहे. गर्द सोडताना होणाऱ्या यातनांना व्यसनींच्या भाषेत टर्की म्हणतात. हाडे पिळवटून निघतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. परंतु निरोगी प्रौढ माणूस त्या यातनांनी क्वचितच दगावतो. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकाएकी तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास तो प्राणासही मुकू शकतो. नवसाला पावून किंवा माळ घालून एका दिवसात दारू सोडणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे. पण फार पिणाऱ्याने ती सोडताना डॉक्टर जवळ असावा, हे सांगणे त्याच्या निर्धाराचा अपमान नव्हे.

चौथी कसोटी शरीराच्या सावकाश नाशाची. शुद्ध आणि मोजके मॉर्फिन यकृत, हृदय वा मेंदूच्या पेशी दारूप्रमाणे कुरतडीत नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनीची प्रकृती ढासळते ती मुख्यतः उपासमारीने, भेसळीने आणि एकमेकांच्या सुया वापरल्याने होणाऱ्या एचआयव्ही व काविळीच्या संसर्गाने. दारू स्वतःच विष आहे. ती यकृत सडविते, स्वादुपिंडाला सूज आणते, रक्तदाब वाढविते, आणि तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन यांच्या कर्करोगास कारण ठरते.

पाचवी कसोटी दुसऱ्यांना होणाऱ्या उपद्रवाची. अफू माणसाला सुस्त करते, दारू त्याचा संयम सैल करते. मारहाण, अपघात, घरातील स्त्रीचा छळ, मुलांच्या मनावरचा धाक यांत दारूचा वाटा किती, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. कोणत्याही पोलिस ठाण्याच्या अंमलदारास किंवा गल्लीतल्या शेजाऱ्यास ते ठाऊक असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड नट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये वीस पदार्थांना सोळा निकषांवर गुण दिले. दारूला ७२, हेरॉइनला ५५, तंबाखूला २६ आणि गांजाला २० असे ते गुण पडले. सेवन करणाऱ्याच्या हानीत हेरॉइन दारूच्या पुढे होते. इतरांच्या हानीने दारूला अग्रस्थानी नेले. या गुणांकनावर आक्षेपही आले आणि त्यांतला एक रास्त आहे. दारू सर्वत्र, खुलेपणाने मिळते म्हणूनही तिची हानी मोठी दिसते. हेरॉइन तितकेच सुलभ झाले तर चित्र पालटेल. परंतु हा आक्षेप दारूचा बचाव करीत नाही. वस्तू सुलभ केली की हानी वाढते, एवढेच तो सिद्ध करतो.

आकड्यांचा ताळेबंद

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख होते. दारूमुळे ज्यांना उपचाराची वा मदतीची गरज होती असे ५ कोटी ७० लाख, तर अफूजन्य पदार्थांमुळे तशी गरज असलेले सुमारे ७७ लाख. हे प्रमाण दोन्हीकडे तीनात एक इतके पडते. दारू झेपते, गर्द झेपत नाही, या समजुतीला इतके चोख उत्तर दुसरे नाही. अर्थात दुसऱ्या गटात कच्ची अफू घेणारेही मोजलेले आहेत. एकट्या हेरॉइनची पकड याहून घट्ट आहे. पण पाच कोटी सत्तर लाख हा आकडा त्यामुळे लहान होत नाही.

जगाचा ताळेबंदही हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०१९ साली दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले, तर अमली पदार्थांमुळे सुमारे ६ लाख; त्यांतील बहुसंख्य अफूजन्य पदार्थांशी निगडित. अमेरिकेत औषध कंपन्यांनी वेदनाशामक गोळ्यांचा बेसुमार प्रसार केला, तेथून लोक हेरॉइनकडे आणि पुढे फेंटानिलकडे वळले. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत त्या देशात प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मेली. साऱ्या जगाने त्याची धास्ती घेतली ती योग्यच होय. परंतु त्याच देशाच्या आरोग्य खात्याच्या हिशेबानुसार २०२०-२१ मध्ये दारूमुळे वर्षाकाठी सुमारे १ लाख ७८ हजार मृत्यू होत होते. त्यांची बातमी झाली नाही.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो: एका माणसाच्या, एका रात्रीच्या हिशेबात पुडी अधिक घातक, समाजाच्या, एका पिढीच्या हिशेबात बाटली अधिक घातक. आणि दोन्ही एकत्र घेणे सर्वांत घातक, कारण दोन्ही श्वास मंदावतात.

कायद्याचा एक डोळा बंद

आपल्या संविधानाने ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांना एकाच वाक्यात, शेजारी शेजारी बसविले आहे. औषधी उपयोग वगळता दोहोंच्याही सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते मार्गदर्शक तत्त्व सांगते. प्रत्यक्षात काय झाले? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अडीचशे ग्रॅमहून अधिक हेरॉइन बाळगणाऱ्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होते. दारूसाठी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यानुसार पिणाऱ्याने परवाना बाळगला पाहिजे. असा परवाना खिशात ठेवून बारमध्ये बसणारी किती माणसे शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत सापडतील? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या अतिरिक्त महसुलाची अपेक्षा सांगण्यात आली. दर वाढल्याने पिणे कमी होते, हा त्यातला सुपरिणाम. पण ज्या रकमेवर सरकारचे बजेट उभे राहते तिची घट सरकारला मनापासून हवी कशी वाटेल?

कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्याला तर ही विसंगती दुहेरी आली आहे. हा ऊसपट्टा आहे. साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून मद्यार्क. दुसरीकडे गोव्याची सीमा जवळ. तिथली स्वस्त दारू आंबोली, फोंडा, तिलारी अशा घाटवाटांनी चोरून वर येते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथके तिच्या मागे धावतात. महसूल बुडतो म्हणून ही धावपळ; यकृत बुडते त्याचा हिशेब दुसऱ्याच खात्याकडे.

पुडीचा धोका आता मुंबई-पुण्यापुरता राहिला आहे, असेही कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथील एका शेतघरात मेफेड्रोन तयार करण्याचा उद्योग मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईचे धागे कुरकुंभपासून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोहोचले. मेफेड्रोन अफूच्या कुळातले नव्हे. ते उत्तेजक आहे, झोप-भूक मारून हृदयाला फरफटत नेणारे. झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, शरीर कमावण्याच्या हव्यासापोटी टोचून घेतलेली रक्तदाब वाढविणारी इंजेक्शने, ही या यादीतली आणखी नावे. तालमींच्या या नगरीत शेवटचे नाव विशेष शरमेचे आहे. लाल मातीत मेहनतीने कमावायचे ते सुईने उसने आणण्याची ही हौस वेळीच रोखली पाहिजे.

भीतीचीही किंमत असते

अमली पदार्थांना नुसते भिऊन चालत नाही, याचे एक दुःखद उदाहरण आपल्या देशानेच घालून दिले. वैध अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. तरीही १९८५ च्या कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि पुढील बारा-तेरा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील असंख्य रुग्ण काही आण्यांच्या गोळीवाचून तळमळत गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी करण्यात आली. डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेदनेसाठी दिलेले मॉर्फिन आणि रस्त्यावरची पुडी यांत भेद करावयास शिकले पाहिजे. हा भेद न करणारी भीती गुन्हेगाराला अडवीत नाही, रुग्णाला मात्र अडविते.

काय करता येईल

प्रथम शाळांनी खरे सांगावे. सगळेच पदार्थ सारखे, असे शिकविले की मुलगा एखाद्या दिवशी बिअर पितो, काही अघटित घडलेले पाहत नाही, आणि मग गुरुजींच्या बाकीच्या शब्दांवरही त्याचा विश्वास राहत नाही. प्रत्येक पदार्थाचा धोका वेगळा, तो कोणता आणि किती, हे मोकळेपणाने सांगितले तर शब्दाला वजन येते.

दुसरे, कायद्याने ठेवलेली वाट लोकांना ठाऊक करून द्यावी. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार पुरे करण्यास तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या आईबापांपैकी किती जणांना हे माहीत आहे? अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवर नॅलोक्सोन हा रामबाण उतारा आहे. तो सीपीआरपासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत सर्वत्र हाताशी असला पाहिजे. आणि दारू सोडू इच्छिणाऱ्यास सरकारी रुग्णालयात चार दिवस खाट मिळणे ही मेहेरबानी न ठरता त्याचा हक्क ठरला पाहिजे.

तिसरे, गावाने आपल्या हातातील अधिकार वापरावा. २००८ पासून राज्यात महिलांना मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याचा मार्ग खुला झाला. उभ्या बाटलीवर शिक्का की आडव्या बाटलीवर, हा प्रश्न घेऊन बायाबापड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि अनेक गावांत त्यांनी बाटली आडवी केली. बंदीने सारे साधते असे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली केलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. परंतु वरून लादलेली बंदी आणि गावातील स्त्रियांनी स्वतः मागून घेतलेली बंदी यांत फरक आहे. दुसरीच्या पाठीशी राखणदार उभे असतात.

चौथी गोष्ट कायद्याच्या कक्षेबाहेरची आहे. रस्सा मंडळ, गटारी, वरात, वाढदिवस, निवडणुकीची जेवणावळ यांत दारू नसेल तर यजमानाचा हात आखडता, असे मानण्याची चाल रूढ झाली आहे. न पिणाऱ्याला आग्रह करणे हा पाहुणचार समजला जातो. गर्दची पुडी कोणी ताटाशेजारी ठेवीत नाही, बाटली ठेवतात. तो आग्रह ज्या दिवशी अशिष्ट ठरेल, त्या दिवशी मोठ्या पोलिस कारवाईइतके काम कोणत्याही खर्चावाचून झालेले असेल.

पुढच्या २६ जूनला मुलांच्या हाती फलक द्यावयाचे असतील तर त्यांवर पुडीशेजारी बाटलीचेही चित्र असू द्यावे, आणि दोहोंखाली त्यांचा त्यांचा खरा धोका लिहिलेला असावा. शाहू छत्रपतींच्या जन्मदिनी सामाजिक न्यायाचे नाव घेणाऱ्या नगरीने निदान एवढा न्याय करावा: झोपडीतल्या व्यसनीला गुन्हेगार आणि बंगल्यातल्या व्यसनीला शौकीन म्हणण्याची रीत सोडावी. दोघांच्याही घरात रात्री दाराची कडी वाजली की मुले एकाच भीतीने जागी होतात.